एकेचाळीस वेळा वरीलप्रमाणे

मित्रांनो, मी एक जुनी अभिप्राय वही आहे आणि सध्या फार वैतागलेली आहे. खरं तर आम्ही वह्यांनी वैतागायचं नसतं. टेबलावर उघडं पडून राहायचं, जो येईल त्याचं निमूट लिहून घ्यायचं आणि कार्यक्रम संपला की मिटायचं, एवढंच आमचं काम. पण नऊ वर्षं मी गप्प बसले. आता बोलणार.

माझा जन्म सोलापुरातल्या ईश्वरप्पा बाइंडरच्या दुकानात झाला. त्याने दोनशे पानं शिवली, खळ लावून पुठ्ठा चिकटवला आणि वर चादरीच्या कापडाचा उरलेला तुकडा चढवला. म्हणून माझ्या अंगावर अजून अर्धा मोर आहे. मला विकत घेतलं एका बालचित्रपट मंडळाने. मंडळ म्हणजे मुख्यतः गुरुलिंग सर. ते शाळेत चित्रकला शिकवायचे आणि निवृत्त झाल्यापासून मुलांना सिनेमे दाखवतात. माझ्या पहिल्या पानावर त्यांनी झोकदार अक्षरात लिहिलं, ‘आपले प्रामाणिक मत लिहावे.’ तेव्हा मला केवढा अभिमान वाटला होता!

पुढे काय झालं ते ऐका. मला सिनेमाबद्दल मत हवं होतं आणि लोकांनी मला पंख्यांबद्दल सांगितलं. चपला हरवल्याची तक्रार माझ्यावर, वाढदिवसाच्या शुभेच्छा माझ्यावर, आणि त्रेसष्टाव्या पानावर शेंगाचटणीचं तेल बोटाला लागलेल्या एका गृहस्थांचा अंगठा. माझा पेन इतक्यांदा पळवला गेला की सरांनी शेवटी तो दोरीने टेबलाला बांधला. हे सगळं मी सोसलं. सोसलं नाही ते एकच, ‘वरीलप्रमाणे’.

आपल्याकडची पद्धत तुम्हाला माहीत आहे. कार्यक्रमात वहीचा मान प्रमुख पाहुण्यांचा. त्यांनी शाल घ्यायची, नारळ घ्यायचा आणि पहिला अभिप्राय लिहायचा. मग खालचे सगळे वरचं वाचतात, मान हलवतात, ‘वरीलप्रमाणे’ लिहितात आणि सही ठोकतात. सही मात्र अशी ऐटदार, की जणू एवढं मोठं मत दिलं.

गेल्या डिसेंबरात मंडळाने ‘पाच अचाट’ हा सिनेमा आणला. पाच तरुण चित्रकारांनी संगणकावर चित्रं काढून केलेल्या पाच छोट्या गोष्टी आणि प्रत्येकीत एक वेगळा सुपरहिरो. दुसरी गोष्ट शिवपुत्रची होती. हा मुलगा फार कमी बोलतो. त्याच्या नायकाला भिंतीआडचं दिसायचं. चौथी गोष्ट दाक्षायणीची. ती अक्कलकोटची, आणि तिची नायिका म्हणजे उडणारी मेंढपाळ बाई. बाकीच्या सुपरहिरोंच्या पाठीवर रेशमी झूल फडफडते, हिच्या खांद्यावर घोंगडं. त्या पंधरा मिनिटांच्या गोष्टीसाठी दाक्षायणीने तीन वर्षं घालवली होती.

सिनेमा पुढे जिल्ह्यातल्या शाळांमध्ये जायचा होता. जेऊर, अकलूज, अक्कलकोट, सगळीकडे. पण पाच गोष्टी शाळेच्या वेळेत बसेनात. सर म्हणाले, एक वगळू. कुठली ते प्रेक्षकांनीच ठरवावं, दोन दिवसांचे अभिप्राय बघू. म्हणजे सगळा भार माझ्यावर. मी आनंदले. नऊ वर्षांत पहिल्यांदाच माझं कुणीतरी ऐकणार होतं.

शनिवारच्या खेळाला प्रमुख पाहुणे आले. दुसरी गोष्ट संपताच ते उठले, कारण त्यांना पुढे दुसरं उद्घाटन होतं. जाता जाता त्यांनी लिहिलं, ‘पहिल्या दोन कथा उत्तम. उपक्रमास शुभेच्छा.’ बिचाऱ्यांनी दोनच पाहिल्या होत्या, दोनच लिहिल्या. त्यांना दोष देत नाही. पण खेळ संपल्यावर पाचही गोष्टी पाहिलेली माणसं रांगेने आली आणि त्या ओळीखाली एकेचाळीस वेळा ‘वरीलप्रमाणे’ लिहून गेली! मधूनच दोघांनी तिसरीतल्या यंत्रमानवाला शाबासकी दिली, तिघांना पाचवीतलं गाणं आवडलं. चौथीबद्दल एक अक्षर नाही. चौथी सुरू झाली तेव्हा बाहेर चहा आला होता.

दाक्षायणी टेबलापाशी उभी राहून सिनेमाची पत्रकं सरळ करत होती. पत्रकं आधीच सरळ होती. गर्दी गेल्यावर तिने माझी पानं उलटली, पुन्हा उलटली आणि मला हळूच मिटलं. त्या क्षणी मला माझ्या कागदाची लाज वाटली.

रविवारी चिमाबाई आल्या. त्या सांगोल्याकडच्या मेंढपाळ घरातल्या. महिन्यापूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, म्हणून सोलापुरात नातीकडे राहिल्या होत्या. नात म्हणजे ऋतुजा, कॉलेजात शिकणारी. चौथ्या गोष्टीला पुन्हा चहा आला, पुन्हा लोक उठले. चिमाबाई उठल्या नाहीत.

खेळ सुटल्यावर त्या सगळ्यांच्या आधी माझ्यासमोर येऊन थांबल्या आणि नातीला म्हणाल्या, मी सांगते, तू लिही. मग त्या बोलत राहिल्या. ऋतुजाची बस होती आणि तिच्या मागे माणसं खोळंबली होती. तिने आजीचं सगळं ऐकून घेतलं, मान हलवली, माझ्यावर दोन क्षण पेन टेकवला आणि आजीला म्हणाली की झालं.

काय लिहिलं असेल? तेच. बेचाळिसावं!

चिमाबाईंना अक्षर ओळखता येत नाही. पण त्यांनी पेनाकडे पाहिलं, मग नातीकडे पाहिलं.

“एवडं बोलले मी, आन् तुजा हात येवडाच हालला व्हय?” त्या म्हणाल्या. “बस जाऊ दे. परत लिव.”

ऋतुजाचा चेहरा उतरला. तिने ते खोडलं आणि नव्याने सुरुवात केली. आजी एकेक वाक्य सांगायची, नात लिहायची. मागची माणसं कुरकुरली, न लिहिताच निघून गेली, पण आजी टेबल सोडेनात. मित्रांनो, एकाच मताने भरलेलं माझ्या आयुष्यातलं पहिलं पान ते. जसंच्या तसं वाचून दाखवते.

‘चवथी गोष्ट मेंढराची. घोंगडं असं फडफडत न्हाय, ते जड असतंय. वल्लं झालं की मानसाला खाली वढतंय. पोरीनं घोंगडं पांघरलेलं दिसत न्हाय. मेंढरं लई पांढरी हायत, आमची अशी नसतात. पन कोकरू मागं राहिलं तवा ती बाई उडायची सोडून पायी माघारी फिरली. तितं मला माजी सासू दिसली. मी रडले. डोळ्यात औषध घातल्यालं, डॉक्टर रागावतील. चिमाबाई.’

संध्याकाळी सर, दाक्षायणी आणि शिवपुत्र माझ्याभोवती बसले. सरांनी ते पान वाचलं आणि जरा अवघडून म्हणाले, “अगं, यात चुकाच जास्त काढल्यात की तुझ्या.”

दाक्षायणी ते पान तिसऱ्यांदा वाचत होती. डोळे पुसून ती म्हणाली, “सर, चुका काढायला आधी बघावं लागतं. त्यांनी बघितलंय.”

सरांनी मला शनिवारच्या पानावर उघडलं. मग त्यांनी खिशातून तांबडी पेन्सिल काढली आणि शाळेतल्या सवयीने एकेक ‘वरीलप्रमाणे’ खोडत गेले. पानं तांबडी झाली. शेवटी उरलं ते फार थोडं होतं. तिसरीला दोन ओळी, पाचवीला तीन, चौथीला अख्खं पान. आणि पहिली-दुसरीला मिळून पाहुण्यांची एक ओळ. पहिलीशिवाय सिनेमा सुरूच होत नव्हता, कारण पाचही नायकांची ओळख तिच्यात होती. दुसरी वगळायचं ठरलं.

दाक्षायणीची गोष्ट वाचली म्हणून मी खूश होते, तोवर शिवपुत्रने मला आपल्याकडे ओढलं. तो रागावला नव्हता. त्याने त्या तांबड्या रेघांवरून बोट फिरवलं, सगळ्या एकेचाळीस सह्यांवरून, आणि हळूच विचारलं, “सर, ह्यांना माझ्या गोष्टीत नक्की काय आवडलं होतं?”

सरांनी माझी पानं मागे-पुढे उलटून पाहिली. उत्तर असायला हवं होतं ते माझ्याकडेच, आणि माझ्याकडे नुसत्या सह्या होत्या. त्याची गोष्ट वाईट नव्हती, मित्रांनो. माझं टेबल दाराशीच होतं, तिथून मी ती दोन्ही दिवस ऐकली होती आणि भिंतीआडच्या म्हातारीच्या जागी लोक हसलेही होते. पण हसून बाहेर आलेल्यांपैकी एकानेही ते माझ्यावर उतरवलं नाही.

आता मी मंडळाच्या कपाटात असते. अकलूजच्या खेळाआधी दाक्षायणीने घोंगडं जड केलं आणि मेंढरं मळवली, असं सर कुणाला तरी सांगत होते. माझा पुठ्ठा निसटू लागला आहे, अर्ध्या मोराची मान उसवली आहे. तरी मला डाग पडतील याची काळजी करू नका. तेलकट हाताने लिहा, गिचमिड लिहा, आवडलं नाही असं लिहा. वरचं मात्र वाचू नका. आधी आपण काय पाहिलं ते आठवा आणि तेवढंच लिहा, कारण माझ्या टेबलामागे कुणीतरी सरळ पत्रकं पुन्हा सरळ करत उभं असतं. माझी अकरा पानं अजून कोरी आहेत, आणि शिवपुत्रला त्याचं उत्तर अजून मिळालेलं नाही.