मान हलवणारा कॅमेरा

“काका, खरं सांगा, भाजीबाजारात शेवटची चोरी कधी झाली?” मॅडमनी विचारलं.

पडद्यावरची नजर न काढता काका म्हणाले, “चोरी नाही. एक बकरी कोबी घेऊन पळाली होती.”

खोलीत हशा पिकला. तीन गावांच्या पोलिसांनी मिळून चालवलेलं हे केंद्र, मॅडम त्याच्या प्रमुख. गावोगावच्या कॅमेऱ्यांचं चित्रण इथे बसून बघायचं. यंदाचा सरकारी निधी मागितल्याच्या निम्माच आला. नवं काही मिळणार नव्हतं. शेजारच्या गावी बसथांब्यावर पोरींच्या गळ्यातल्या साखळ्या ओढल्या जात होत्या. तिथे फिरता कॅमेरा हवा होता, आणि फिरता एकच होता, भाजीबाजाराचा.

काकांची बायको, म्हणजे काकू, रोज त्या कॅमेऱ्याच्या खांबाखाली थांबायच्या आणि भाजी वर धरायच्या. काका इथून कॅमेऱ्याची मान हलवायचे. वर-खाली म्हणजे घे, डावी-उजवी म्हणजे नको. भोपळ्याला कायम नको. तरी रात्री ताटात भोपळाच.

“मग विचारतेस कशाला?” काका जेवताना म्हणायचे.

“तुम्ही जागे आहात का ते बघते,” काकू म्हणायच्या.

उन्हाळ्यात काकू गेल्या. महिन्याभराने त्यांचं चित्रणही आपोआप पुसलं गेलं, नियमच तसा.

केंद्रात हे सगळ्यांना ठाऊक होतं. मॅडम हळूच म्हणाल्या, “काका, तुम्ही म्हणाल तर राहू दे तो. वर काहीतरी कारण कळवते मी.”

काकांनी चष्मा पुसला. “बकरीवर किती दिवस नजर ठेवायची? न्या तो. पोरींच्या कामी येईल.”

दुसऱ्या दिवशी दुपारी पडद्यावर कॅमेरा काढायला आलेला तारवाला दिसला, खांबाला शिडी लावताना. भाजीवाली मावशी त्याच्याशी काहीतरी बोलली. मग वर बघत तिने टोपलीतला भला मोठा भोपळा दोन्ही हातांनी डोक्यावर धरला.

काकांचा हात सवयीने डावीकडे गेला, थांबला. त्यांनी कॅमेऱ्याची मान वर-खाली केली. एकदा, पुन्हा एकदा. शिडीवरचा तारवाला दचकला, मावशी पोट धरून हसली, आणि पडदा काळा झाला.

संध्याकाळी काका बाजारात गेले, तर मावशीने भोपळा तयारच ठेवला होता. “आज हो म्हणालात! सूर्य कुठे उगवला?”

“पिकलेला आहे ना?”

“तिला देत होते तसाच आहे.”

पिशवी जड झाली. जाता जाता काका खांबापाशी थांबले. वर नुसती लोखंडी पट्टी उरली होती. त्यांनी पिशवी जरा वर धरली, आणि घराकडे निघाले.