पायाळू बेबाबाईंची लाथ

कंबरेत उसण भरली की आपण काय करतो? कुणी तेल चोळतो, कुणी शेक घेतो. रावेरजवळच्या त्या गावातले लोक मात्र बेबाबाईंच्या ओट्यावर येऊन सरळ पालथे पडत. बेबाबाई पायाळू होत्या. जन्मताना त्यांचे पाय आधी बाहेर आले होते. अशा माणसाची लाथ कंबरेवर बसली की उसण उतरते, ही तिथली जुनी समजूत. सरपंच असो की सालदार, बेबाबाई सर्वांना सारख्याच मायेने लाथ मारीत, आणि या मानाचा त्यांना निर्मळ अभिमान होता.

१९८८ च्या हिवाळ्यात त्यांचे पती रुपचंद केळीचा घड ट्रकमध्ये चढवायला वाकले आणि तसेच वाकून राहिले. शेजारच्या नथ्थूने त्यांना धरून ओट्यावर आणले.

"इतकी वर्षं तोंडानं मारलं, आज पायानं मार व!" रुपचंद कण्हतच म्हणाले. सारे हसले. लाथ बसली.

दुसऱ्या दिवशी कळ कंबरेतून टाचेपर्यंत उतरली.

"वहिनी, काल हलकी बसली," नथ्थू म्हणाला. "घरचा माणूस म्हणून दया नका करू!"

बेबाबाईंनी पुन्हा जोर लावला. त्या संध्याकाळी रुपचंद भिंतीचा आधार घेत स्वयंपाकघरात आले.

"अहो, एका पायातली चप्पल कुठं हाये?"

रुपचंदांनी खाली पाहिले. चप्पल मागे दारातच गळून पडली होती. त्यांना पत्ताच नव्हता. बेबाबाईंनी त्यांच्या अंगठ्याला करकचून चिमटा घेतला.

"समजलं का?"

"काय समजलं?"

दुसऱ्या सकाळी बेबाबाई त्यांना घेऊन जळगावला, हाडांचे डॉक्टर नेहेते यांच्याकडे पोहोचल्या. डॉक्टरांनी रुपचंदांना उताणे निजवून पाय सरळ वर उचलला. थोडा उचलताच ते ओरडले. मग पाऊल टाचणीने टोचून पाहिले, अंगठा वर करायला लावला. अंगठा जेमतेम हलला.

"दोन मणक्यांमधली गादी सरकून शिरेवर दाब आलाय," डॉक्टर म्हणाले. "कोणी चोळलं, दाबलं होतं का?"

"मी लाथ मारली," बेबाबाई हळूच म्हणाल्या. "मी पायाळू हाये. आजवर किती लोक बरे झाले, साहेब!"

"झालेच असतील. साधी उसण बहुधा चार-आठ दिवसांत आपोआप जाते. ती जाते निसर्गानं, नाव होतं तुमच्या पायाचं. पण ज्याची गादी सरकली आहे, त्यालाही तुम्ही तीच लाथ मारता. दोघांतला फरक पाय ओळखू शकत नाही, बाई. तो तपासूनच कळतो."

"यांचा पाय... जाईल का?"

"वेळेत आणलंत. विश्रांती, औषधं, मग व्यायाम. बरे होतील असं वाटतं. पण लघवी अडली किंवा पाय अधिक लुळा पडला, तर क्षणभरही थांबू नका. मग ऑपरेशनच."

ती वेळ आली नाही. रुपचंद हळूहळू हिंडूफिरू लागले, आणि बायकोला "आमची सर्जनबाई" म्हणून चिडवूही लागले.

एके सकाळी लोटन आबा पाय ओढत आले आणि सवयीने ओट्यावर पालथे झाले.

"मार बाई. पायाले मुंग्याच मुंग्या येतात."

"नही आबा. उठा."

"काहून? नवऱ्याले बरं केलं, अन् मले नही?"

गल्लीतले लोक जमले होते. इतक्या वर्षांचा मान एका वाक्यात जाणार होता. बेबाबाईंनी पदर सावरला.

"आबा, माह्या लाथेनं ते बरे नही झाले. ते लंगडे होत होते! बरं केलं डॉक्टरनं. चला, मीच येते तुमच्यासंगं."

आबांनी त्यांच्याकडे रोखून पाहिले आणि वर हात केला. बेबाबाईंनी तो धरून त्यांना उठवले.

"पाह्यलं का रे," आबा एसटीच्या थांब्याकडे जाताना नथ्थूला म्हणाले, "आज पायाळूनं हात दिला!"

वाचकहो, आपल्याही गावात असा एखादा ओटा असेल. तिथल्या माणसाची माया खरी असते, पण मायेला मणक्याच्या आतले दिसत नाही. कंबरेचे दुखणे पायात उतरले, पाय बधिर झाला, तर आधी तपासून घ्या. आणि आपल्या हातून अपाय होतो हे कळले, तर चारचौघांत तसे सांगण्याचे बेबाबाईंचे धैर्य आपल्याही अंगी यावे.