बिनकमिशनची तार

छाती चौतीस, कंबर तीस, बाही सहा. गळा मागून खोल नको.

मोती. सात. नांगर. बुध. सात.

काजळात पाल्याचा रस. तीन सुया, दोऱ्यानं एकत्र बांधलेल्या. रडायचं नाही, रडलं की अक्षर हलतं.

परीक्षा फी शुक्रवारी दुपारी चारपर्यंत. त्यानंतर कुणाचंही ऐकून घेतलं जाणार नाही.

ताटात पसरलेले तांदूळ, त्यांवर अंगठीनं लिहिलेलं नाव: कावेरी.

मनिऑर्डर, शंभराला पाच रुपये.

या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करू, कारण भांडण तिथून सुरू झालं.

साल १९८६. पोखर्णीची कावेरीबाई घरी बसून ब्लाउज शिवायची. तिची हेमा औरंगाबादला औषधनिर्माणाच्या पदविकेला होती, वसतिगृहात राहायची. तिला दर महिन्याला शंभर रुपये पाठवायचे, त्यावर पोस्ट पाच रुपये घ्यायचं, आणि पैसे पोचायला आठ दिवस लागायचे. एका ब्लाउजची शिलाई पाच रुपये होती.

"पाच रुपयासाठी बँका पालथ्या घालणार का आता?" नवरा बन्सीधर म्हणाला.

"पाच रुपये न्हाई, एक ब्लाउज. दर महिन्याला एक ब्लाउज पोस्टमास्तरला शिवून द्यायलेय मी. त्याच्या बायकोचं मापबी ठाव न्हाई मला."

बँकांत चौकशी करायला ती परभणीला गेली, तेव्हा गळ्यात अडकवलेली मापाची टेप काढायची राहिली. पुढं जे घडलं ते सगळं ती टेप गळ्यात असतानाच घडलं.

पहिली बँक.

काचेमागचा माणूस म्हणाला, "ड्राफ्ट काढा."

"फुकट?"

"कमिशन पडतं. वर तो पोस्टानं पाठवायचा."

"मग पोस्टातच गेले असते की मी."

"जा की."

दुसरी बँक.

जेवणाची सुट्टी. सुट्टी संपली तेव्हा साहेब चहाला. चहा संपला तेव्हा ग्राहकांची वेळ संपली. बसल्या बसल्या तिनं टेपनं बाकडं मोजलं: साडेचार फूट. त्या बँकेतून एवढीच माहिती मिळाली.

तिसरी बँक, दुसऱ्या आठवड्यात.

इथं दिनकरराव नावाचे कारकून होते. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, समोरच्याकडं न बघता बोलायची सवय.

"तारेनं पाठवा," ते म्हणाले. "दुसऱ्या दिवशी पोचतात."

"तारेतून पैसे जातात?"

"पैसे इथंच राहतात, बाई. आम्ही तिकडच्या शाखेला खुणेच्या शब्दांत तार करतो. ते त्यांच्या गल्ल्यातून देतात."

"म्हंजे जातो नुसता निरोप. मग कमिशन पैशाचं कशाला घेता?"

रांगेत मागं कुणीतरी हसलं. दिनकरराव हसले नाहीत. त्यांनी खणातून नियमांची जाड वही काढून आपटली, कारण या बाईला छापलेलं दाखवल्याशिवाय ती जाणार नाही हे त्यांना कळलं होतं. बोट ठेवून त्यांनी कमिशनचे दर वाचले. बोट खाली सरकत होतं. कावेरीबाईही उलट्या बाजूनं वाचत होती. चौथीपर्यंत शिकलेली होती, आणि कापड बेतणाऱ्या बाईला उलटी बाजू नवी नसते.

"ह्ये काय हाय? दर लिहायच्या जागी रेघ हाय इथं."

दिनकररावांनी वाचलं. "खातेदारानं एका शाखेतल्या स्वतःच्या खात्यातून दुसऱ्या शाखेतल्या स्वतःच्या खात्यात रक्कम पाठवल्यास कमिशन व तारखर्च नाही."

"झालं की मग."

"काय झालं? खातं तुमच्या पोरीचं असणार."

"पोरगी माझीच हाय."

"पोरगी तुमची. खातं तिचं."

"आन दोघींचं एकच खातं काढलं तर? तिचंबी नाव, माझंबी नाव."

दिनकररावांनी पहिल्यांदा मान वर केली. त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. मग आधीची वाचली, नंतरची वाचली. नोकरीच्या छत्तीस वर्षांत त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं.

"चालतं," ते शेवटी म्हणाले, जणू त्यांच्याच खिशातून काही गेलं होतं.

त्याच दिवशी तिनं तिथं खातं उघडलं. नाव, गाव, वय, ओळखीची खूण, सगळं खाली मान घालून विचारत दिनकररावांनी फॉर्म भरला. नाव रेशनकार्डावरचं घेतलं. औरंगाबादच्या शाखेतल्या दोघींच्या खात्याचा फॉर्म हेमानं पोस्टानं पाठवला. आईच्या नावाच्या रकान्यापुढं तिनं पेन्सिलीनं लिहिलं होतं: शाळेच्या दाखल्याप्रमाणे.

कावेरीबाईनं ट्रंकेतून दाखला काढला. त्यावर लग्नाआधीचं नाव होतं. लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळांवर कावेरी लिहिलं, तेव्हापासून ते जुनं नाव फक्त माहेरात उरलं होतं, आणि माहेरातली हाक मारणारी माणसंही आता थोडीच राहिली होती. तिनं दाखल्याप्रमाणे नाव लिहिलं. खाली दस्तखतही त्याच नावानं केली. वीस वर्षांनी ते नाव हातातून उतरत होतं. एकही अक्षर अडलं नाही. फॉर्म पाकिटात घालून तिनं पाठवून दिला, आणि आपण काही चूक केली असं तिला वाटलं नाही.

खातं झालं, हेमानं त्याचं पासबुक आईकडं पाठवून दिलं. पहिले पैसे पाठवायचा दिवस यायच्या आधीच, बुधवारी संध्याकाळी, हेमाचं कार्ड आलं. परीक्षेची फी साडेतीनशे, शुक्रवारी चारपर्यंत. भरली नाही तर वर्ष गेलं. मनिऑर्डरला आठ दिवस. स्वतः घेऊन जावं, तर नामांतराच्या रास्ता रोकोमुळं औरंगाबादची एस.टी. कधी सुटेल आणि कुठं अडकेल याची खात्री नव्हती.

गुरुवारी बँक उघडली तेव्हा कावेरीबाई साठवलेले साडेतीनशे रुपये घेऊन पायरीवर होती.

दिनकररावांनी तिची स्लिप घेतली, औरंगाबादच्या पासबुकाचं पान उघडलं, आणि दोन्ही बाजूबाजूला ठेवली.

"इथं कावेरी बन्सीधर. तिथं मनकर्णा सटवाजी. ही मनकर्णा कोण?"

"मीच."

"कागदावर या दोन बाया आहेत."

"कमिशन घ्या मग. शेजारच्या दगडाबाईकडून उसनं आणून देते. पण आज पाठवा."

"कमिशनचं सोडा. तुम्ही पाठवणार कावेरी म्हणून, खातं मनकर्णाचं. नाव जुळलं नाही तर तिकडची शाखा पैसे अडकवून ठेवते आणि आम्हाला पत्र लिहिते. पत्राला आठ दिवस."

आठ दिवस. पुन्हा तेच आठ दिवस.

मॅनेजर काशीनाथराव आवाज ऐकून बाहेर आले. तिनं दाखला दाखवला. ते म्हणाले, हा मनकर्णाचा दाखला आहे. तिनं रेशनकार्ड दाखवलं. ते म्हणाले, हे कावेरीचं कार्ड आहे. त्यांचं दोन्ही वेळा बरोबर होतं.

"लग्नात नाव बदलतात, साहेब. तुमच्या मालकीणबाईंचं न्हाई बदललं?"

"बदललं. पण आम्हाला दोन्ही नावं एकाच कागदावर पाहिजेत. सरपंचाचं पत्र आणा."

"सरपंच नांदेडला गेलाय लग्नाला. सोमवारी येणार."

काशीनाथरावांनी भिंतीकडं पाहिलं. घड्याळात सव्वाअकरा वाजले होते. रांगेतून एक म्हातारा म्हणाला, "पोरीचं वर्ष चाललंय तिच्या, बघा की काहीतरी." दिनकररावांनी स्लिप परत करण्यासाठी हात पुढं केला.

कावेरीबाईनं ती घेतली नाही. ती त्या हाताकडं बघत होती. याच हातानं फॉर्म भरला होता. खाली मान घालून. एकेक विचारत.

"माझा फारम काढा," ती म्हणाली.

"कुठला?"

"खातं उघडलं तवाचा. तुमच्या अक्षरातला."

"त्यात काय आहे?"

"तुमीच लिव्हलंय. तुमीच वाचा."

दिनकररावांनी कपाटातून गठ्ठा काढला, सुतळी सोडली, फॉर्म शोधला. नाव वाचलं, कावेरी बन्सीधर. गाव वाचलं, वय वाचलं. पुढच्या ओळीवर ते थांबले.

"मोठ्यानं वाचा," काशीनाथराव म्हणाले.

"ओळखीची खूण," दिनकरराव म्हणाले. "डाव्या हातावर गोंदलेलं नाव. मनकर्णा."

कावेरीबाईनं पदर सारून डावा हात काउंटरवर ठेवला, कापड मापायला ठेवावं तसा आडवा, सरळ. हिरवी अक्षरं मनगटाच्या वर होती.

"एका कागदावर पाहिजे होती ना दोन्ही नावं? तुमच्याच कागदावर हायत. खाली तुमचाच शिक्का हाय."

काशीनाथरावांनी फॉर्म पाहिला, हात पाहिला, पुन्हा फॉर्म पाहिला. म्हातारा रांग सोडून पुढं आला आणि त्यानंही पाहिला.

"दिनकरराव," काशीनाथराव म्हणाले, "'कावेरी उर्फ मनकर्णा, ओळख पटली' असं घाला आणि तार करा. आत्ता. स्वतः तारघरात जा."

"कमिशन?"

"बाईच्या खात्यातून बाईच्याच खात्यात चाललेत. कमिशन कसलं?"

छत्तीस वर्षांत पहिल्यांदा दिनकरराव कामाच्या वेळेत धावताना दिसले. त्यांच्या हातातल्या कागदावर मोती, सात, नांगर, बुध, सात असं लिहिलं होतं आणि शेवटी दोन नावं होती. कावेरीबाई पायरीवर उभी राहून बघत होती. तिला वाटलं, निरोपच जातोय खरा, पण लय जोरात जायलाय.

सोमवारी हेमाचं कार्ड आलं. शुक्रवारी अकराला पैसे मिळाले, बाराला फी भरली. पहिली पावती माझी फाटली, सगळ्या वर्गात. बन्सीधरनं कार्ड दोनदा वाचलं आणि दारावरच्या पाटीवरचा ब्लाउजचा दर खडूनं पुन्हा ठळक केला.

पुढच्या बाजाराच्या दिवशी तिसऱ्या बँकेत पोखर्णीच्या अकरा बाया होत्या. दगडाबाईचा लेक नांदेडला, मालनबाईची पोरगी पुण्याला. पुढं टेप गळ्यात घालून कावेरीबाई.

"आता काय?" दिनकरराव म्हणाले.

"दोघा-दोघांची खाती काढायची हायत. आन ओळखीची खूण जरा नीट बघून लिहा. चतुराबाईच्या दोन्ही हातांवर हाय."

दिनकररावांनी मान वर करून एकेकीकडं पाहिलं, आणि नवी शाई भरून घेतली.

मनकर्णा लहान होती तेव्हा पोखर्णीच्या जत्रेत गोंदणारीण अक्षरामागं एक आणा घ्यायची; तिच्या बापानं, सटवाजीनं, चार आणे दिले होते.