पाइनच्या बुडाशी निंदणी

मी पाइनचं म्हातारं झाड बोलतोय. ऐकायचं तर ऐका, नाहीतर चालू लागा. जर्मनीतल्या डार्मश्टाटजवळच्या ह्या वाळूत मला कुणी लावलं नाही. वाऱ्यानं बी टाकलं, मी उगवलो. रोपवाटिकेची शाळाबिळा काही नाही. आता पावसाचा भरवसा राहिला नाही, डोक्यावर बांडगूळ बसलंय. माझं आटोपलं.

एकच आशा होती. माझ्या बुडाशी, गवत आणि काटेरी झुडपांत, माझीच चार-दोन रोपं वर येत होती. एरवी हरणं खाऊन टाकतात, ठेवत नाहीत. पण पुण्याची एक पोरगी आली, ईप्सिता. पीएचडीवाली. जुन्या पाइनखाली आपसूक काय उगवतं, झुडपं आमच्या रोपांना जगू देतात की मारतात, हे तिला बघायचं होतं. तिनं जाळीचं कुंपण घातलं. आत कुणी हात लावायचा नाही. कितीक उन्हाळे ती गुडघ्यांवर बसून पानन् पान मापत राहिली. माणूस गवताला एवढं जपतो, हे मला नवीनच.

यंदा तिचे वडील आले, श्यामकांत. "बाबा, तुम्ही इथे सावलीत बसा, मी पलीकडची मापं घेऊन येते," सांगून ती गेली. पण रिटायर झालेला माणूस बसतोय कसला! कुंपणात डोकावला. "काय रान माजवलंय पोरीनं," म्हणत आत शिरला आणि लागला उपटायला. गवत, काटे, सगळं. माझी रोपंसुद्धा. मी नुसता उभा. आम्हाला ओरडता येत नाही.

पोरगी परतली तेव्हा तो हाताची माती झटकत होता.

"बघ, कसा लख्ख केलाय वाफा! तुझे जर्मन लोक निंदणी करत नाहीत का गं?"

"बाबा... तेच तर मोजत होते मी."

"तण? तण मोजायला जर्मनीत आलीस?"

तिनं ढिगातून माझं एक रोप उचलून त्याच्यासमोर धरलं. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. मग एकेक रोप उचलून वाळूत खोचत सुटला, बाटलीतलं पाणी ओतत. "जगतील गं," सारखं तेच.

"हो बाबा," ती म्हणाली. खोटं. तिला कळत होतं.

रोपं वाळली. तिचा प्रोफेसर आला, उघड्या वाळूकडे बघत "आल्झो..." म्हणाला, त्यांच्या भाषेत 'तर मग...'. जाळी काढून नेली. पोरीची मेहनत गेली, माझा वंश गेला.

आता माझ्या खोडावर तोडायची फुली मारलीय. यंदा धरलेलं बी तेवढं टाकून जातो. उगवेल ते उगवेल. हरणांना सांगून उपयोग नाही. तुम्ही तरी हात आवरा.