निनाद कारखानीसचा सत्कार

दुबईतल्या आपल्या लोकांना सत्काराचं भारी वेड. शाल मीना बाजारातली, नारळ केरळवाल्याच्या दुकानातला, आणि टाळ्या फुकटच्या. राजाभाऊ कारखानीसांनी आयुष्यभर त्या दुसऱ्यांसाठी वाजवल्या. कुणाची पोरगी डॉक्टर झाली, कुणाचा जावई बँकेत वरच्या खुर्चीवर गेला. घरी येऊन जेवताना ते गप्प असायचे. यंदा मंडळाच्या गणपतीत त्यांची पाळी आली होती.

म्हणजे कागदोपत्री निनादची. पण खरी त्यांचीच.

निनाद त्यांचा एकुलता एक, तेहतीस वर्षांचा. बाहेर जूनचं ऊन माणसाला भाजून काढत असताना हे पोरगं स्वेटर घालून मॉलमधल्या बर्फावर धावायला शिकलं, आणि तिथून आइस हॉकीचं खूळ जे डोक्यात शिरलं ते उतरलंच नाही. पोलंड झालं, स्लोव्हाकिया झालं, मग अमेरिकेतली कुणी नाव न ऐकलेली गावं. एका टीमने ठेवायचं, दुसरीने काढायचं, तिसरीने अर्धा सीझन संपल्यावर बोलवायचं. दर उन्हाळ्यात तो डिस्कव्हरी गार्डन्सच्या फ्लॅटवर परत यायचा. ज्या शहरात रांगायला शिकला, तिथे व्हिजिट व्हिसावर! आणि त्याची आई छाया ते घामट ग्लोव्ह्ज बाल्कनीत वाळत घालायची. तासाभरात कुरडईसारखे कडकडीत.

"फॉरवर्ड आहे आमचा," राजाभाऊ भेटेल त्याला सांगायचे. "प्रोफेशनल!" गोल किती केले, असं कुणी विचारलंच तर "मोजतंय कोण," म्हणून हसायचे. पोराचे पुढचे दात खोटे होते, नाक दोनदा मोडलं होतं. खेळ म्हटला की लागायचंच. ज्या बापाला उत्तर नको असतं तो प्रश्न विचारत नाही.

यंदा आल्यापासून निनाद पडदे ओढून बसायचा. गाडी कुठे लावली ते विसरायचा. एकदा चहा पिताना म्हणाला, "बाबा, आय थिंक आय ॲम डन. उजेड सहन होत नाही रे."

"एक सीझन, निनाद. फक्त एक. मंडळाच्या प्रकाशने पत्रिकेत आंतरराष्ट्रीय खेळाडू छापलंय. आता काय माजी खेळाडू म्हणून स्टेजवर चढवू तुला?"

निनादने बापाकडे पाहिलं. "ओके," म्हणाला आणि अमेरिकेतल्या टीमच्या मॅनेजरला हो कळवून टाकलं. तेहतीस वर्षांचा घोडा झाला तरी बापाचा शब्द त्याने खाली पडू दिला नव्हता.

बर दुबईच्या एका हॉटेलचा वरचा हॉल. स्टेजवर तीन खुर्च्या: निनाद मध्ये, आईबाप दोन्ही बाजूंना. निनादला फेटा बांधला होता. तो घट्ट होत असावा, कारण सारखा कपाळाला हात लावत होता.

"राजाभाऊ, सरप्राइज आहे हं," सेक्रेटरी प्रकाश माइकवरूनच ओरडला. "आमच्या रिद्धीने व्हिडिओ बनवलाय. निनादची अख्खी कारकीर्द!"

दिवे मंद झाले. ढोलताशा वाजू लागला. पडद्यावर बर्फ दिसला आणि बर्फावर दोन ग्लोव्ह्ज पडले.

मग उघड्या मुठी. निनाद एका लालशर्टवाल्याची कॉलर धरून त्याला बडवत होता, तो निनादला. पुन्हा ग्लोव्ह्ज पडले, आता दुसरी टीम, दुसरी जर्सी, तेच बडवणं. पुन्हा ग्लोव्ह्ज. हीच त्याची नोकरी होती. आपल्या चांगल्या खेळाडूला कुणी धक्का दिला की हातातलं टाकायचं आणि त्याच्या अंगावर जायचं. गोल करणारे वेगळे, मार खाणारा हा. त्याचं दुसरं काही शूट करण्याची कुणाला गरजच पडली नव्हती.

पोरांनी शिट्ट्या मारल्या. "यल्ला निनाद! चल, मार त्याला!" बायका हसत तोंडावर हात घेत होत्या.

"हा स्लोव्हाकियाचा," छाया हळूच म्हणाली. ती पडद्याकडे पाहतही नव्हती. "आता दात पडतील."

पडले.

राजाभाऊ पोराच्या पाठीमागून तिच्याकडे वाकले. "तू पाहिलंयस हे?"

"सगळे. तुम्ही ऑफिसला गेल्यावर. आवाज बंद करून."

"आणि मला बोलली नाहीस?"

"कधी विचारलंत?"

शेवटच्या तुकड्यात निनाद पडला आणि उठला नाही. शिट्ट्या थांबल्या. ढोल तेवढा वाजत होता, बेशरमासारखा. खालून रिद्धीचा रडवेला आवाज आला, "पपा, याला सगळ्यात जास्त व्ह्यूज होते..."

फेटा बांधलेला निनाद मान तिरकी करून पडद्यावरच्या माणसाकडे बघत होता, ओळखीचा वाटतोय पण नाव आठवत नाही, तसा. "बाबा, हे कधीचं?"

राजाभाऊंना वाटलं, गंमत करतोय.

"मार्चमधलं," छाया म्हणाली. "दोन दिवस फोन उचलला नव्हतास."

"ओह." तो कसनुसा हसला. "आय डोन्ट रिमेंबर इट."

प्रकाशने घाईघाईने माइक हातात घेतला. असल्या लोकांना शांतता झाकायची कला बरोबर येते. "जोरदार टाळ्या! आणि पुढच्याच महिन्यात आपला वाघ पुन्हा अमेरिकेला..."

राजाभाऊंनी माइक ओढून घेतला. खिशात भाषण होतं, पंधरा दिवस घोकलेलं. ते खिशातच राहिलं.

"जाणार नाही तो," ते म्हणाले. "खलास."

 घरी जाताना गाडीत नारळ मागच्या सीटखाली वळणावळणावर गडगडत होता. मग निनाद म्हणाला, "मी नाही सांगणार मॅनेजरला. तू म्हणालास, तू सांग. आणि त्यानंतर काय, बाबा? मला दुसरं काय येतं?"

हा प्रश्न राजाभाऊंनी पोराला बर्फावर पाठवतानाच विचारायला हवा होता. 

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, तिकडे सकाळ झाल्यावर, त्यांनी बेडरूमचं दार लावून फोन केला. आयुष्यभर ज्याची बढाई मारली, त्याच्याबद्दल घसा खाकरून इंग्रजीत सांगितलं की माझा मुलगा आजारी आहे, येणार नाही.

"कोण? हां, तो इंडियन?" मॅनेजर काहीतरी चघळत होता. "नो प्रॉब्लेम. दुसरा बघतो." आणि फोन बंद. बरा होवो एवढंसुद्धा त्याच्या तोंडून निघालं नाही.

ते बाल्कनीत आले. ऊन उतरलं होतं. वाळलेले ग्लोव्ह्ज मांडीवर घेऊन निनाद बसला होता.

"काय म्हणाला?"

"हळहळला रे," राजाभाऊ म्हणाले. "म्हणाला, असा माणूस पुन्हा मिळायचा नाही. जरा वेळ बोलताच येईना बिचाऱ्याला."

निनादने बापाकडे पाहिलं. त्या मॅनेजरला तो चांगला ओळखत होता. हे त्याच्या आठवणीतून गेलं नव्हतं.

"आणखी काय म्हणाला?" त्याने विचारलं.

राजाभाऊंनी खुर्ची जवळ ओढली आणि सांगायला बसले.