आमदारबाईंची खुर्ची

माझी थोरली बहीण सरकारी रुग्णालयात प्रशासन अधिकारी होती. बाळंतिणींच्या नव्या विभागाचं उद्घाटन ठरलं, तेव्हा मंचाची व्यवस्था तिच्याकडे आली. नियम साधा होता. त्या भागातून निवडून आलेल्या आमदाराला बोलवायचं आणि मंचावर बसवायचं, पक्ष कुठलाही असो. आमच्या आमदारबाई विरोधी पक्षाच्या. या विभागासाठी सभागृहात घसा कोरडा करून भांडल्या होत्या त्याच.

ताईचे वरिष्ठ, मोठे साहेब, सकाळीच मंचावर चढले आणि बाईंची खुर्ची त्यांनी उचलायला लावली. उद्घाटनाला येणाऱ्या मंत्र्यांना आवडणार नाही म्हणाले. तसा लेखी आदेश देता का, असं ताईने विचारलं. साहेब हसले. अशा गोष्टी लिहून मागायच्या नसतात, समजून घ्यायच्या असतात, असं त्यांनी तिला सगळ्यांदेखत सुनावलं.

बाई आल्या तेव्हा मंत्री बसले होते. मंचावर जागाच नाही हे पाहून त्या पायरीशी थबकल्या. साहेब एकदम कुंड्यांमधली फुलं न्याहाळायला लागले. मंत्र्यांच्या माणसांत खसखस पिकली. ताईच्या डोक्यात तिडीक गेली. ती तडक आपल्या खोलीत गेली, स्वतःची खुर्ची उचलून घेऊन आली आणि भर सभेत मंचावर ठेवली.

"या, बसा," ती बाईंना म्हणाली. "ही तुमची जागा."

थोड्याच दिवसांत ताईची रवानगी तळघरातल्या जुन्या कागदपत्रांच्या खोलीत झाली. तिथे भिंतींना ओल, वर एक मिणमिणता दिवा आणि दिवसभर खोकला. तुला कुणी सांगितली होती नसती उठाठेव, असं आई म्हणाली. मी साहेबांच्या नावाने बोटं मोडली. ताईचं म्हणणं एवढंच, की मान बाईंना नव्हता, त्यांना मतं देणाऱ्या माणसांना होता.

मग निवडणूक झाली आणि सरकार बदललं. आमदारबाई सत्तेत आल्या. ज्यांना त्या मंचाच्या पायरीशी दिसल्या नव्हत्या, ते साहेब आता त्यांच्या गाडीचं दार उघडायला धावू लागले. एक दिवस बाई स्वतः तळघरात उतरल्या, मागोमाग साहेब. ताई उठून उभी राहिली, त्यांना बसवलं, पाणी दिलं.

बाई गोड बोलल्या. तुमचे उपकार विसरले नाही, तुम्हाला पुन्हा वर आणते, म्हणाल्या. फक्त एक काम होतं. औषध भांडाराच्या जागेसाठी त्यांच्या भाच्याने परीक्षा दिली होती. गुण जरा कमी पडले होते. निवड समितीत ज्येष्ठ म्हणून ताई अजून होती, आणि बाकीच्यांना साहेबांनी आधीच वळवलं होतं. पहिली आलेली मुलगी कुणाच्या ओळखीची नव्हती.

ताईने सगळं शांतपणे ऐकलं.

"बाई, त्या दिवशी जे दिलं ते तुमच्या हक्काचं होतं. ही नोकरी त्या मुलीच्या हक्काची आहे."

"मला नाही म्हणताय?"

"पुन्हा आलात तर पुन्हा उठून उभी राहीन. उत्तर हेच देईन."

बाई ताडकन उठल्या. साहेबांनी ताईला उद्धट म्हटलं. तरीही ती बाईंना जिन्यापर्यंत पोचवायला गेली.

समितीत ताईने आपला विरोध लेखी नोंदवला. तो डावलून भाच्याला घ्यायचं साहेबांचं धाडस झालं नाही, कारण त्यांना स्वतःची सही करावी लागली असती. मुलगी कामावर रुजू झाली. ताई तळघरातच राहिली. साहेबांना बढती मिळाली, आणि त्यांच्या सत्काराला अध्यक्ष म्हणून आमदारबाई आल्या.

निमंत्रण आमच्याही घरी आलं होतं. माझा संताप अनावर झाला, मी ते फाडायला निघालो. ताईने माझा हात धरला आणि खोकत खोकत म्हणाली, "फाडू नकोस. जायला हवं मला. आमदार येणार आहेत."