लांडग्याचं सोडून द्या

माझी शकू नुकती मान धरायला लागली होती, तेव्हा आमच्या घरात लांडग्याचं पिल्लू आलं. हे तेव्हा पोशीरकडे फॉरेस्ट गार्ड होते आणि आम्ही गावाच्या टोकाला सरकारी खोलीत राहत होतो. ठाकरवाडीतला चांगो डोंगराच्या अंगाला राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, पाला तोडायला गेला होता. तिथे कपारीत त्याला दोन पिल्लं दिसली. कुत्र्याची समजून त्याने ती टोपलीत घातली. एक वाटेतच गेलं. दुसरं त्याने आमच्या ओट्यावर आणून ठेवलं.

"गार्डदादा, ह्ये कुत्रं नाय. माजी कुत्री हुंगून पळाली."

आमच्याकडे लांडगा कुणी पाहिलेलाच नव्हता. भातं निघाली की धनगर घाटावरून मेंढरं घेऊन खाली येतात. शेतात रात्रीची मेंढरं बसवतात, त्यांच्या लेंड्यांनी जमिनीला खत होतं. त्या वर्षी त्यांच्या मागोमाग एक मादी घाट उतरली असावी.

संध्याकाळी ओट्यावर माणसं जमली. ज्यांच्या शेतात मेंढरं बसली होती ते बुधाजी पाटील आले, मेंढरांचा मालक धुळा धनगर आला.

"सखा, मुंडी मुरगाळ नि टाक," बुधाजी म्हणाले. "उद्या मोठं झालं की आमची पोरं उचलील."

"मारलं तर माझी नोकरी जाईल, काका. कायदा बदललाय."

आतून सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वक्ताला शेपूट न्हेऊन दावली की सरकार बक्षीस द्यायचा. आता सरकारच लांडग्याचा मामा झालाय."

सगळे हसले. धुळा हसला नाही. उकिडवा बसून तो टोपलीत बघत होता. "मारू नगा, आन ठिवू बी नगा. आजच्या आज कपारीत न्हेऊन ठिवा. आई हुडकतीया त्याची. काल मेंढरांच्या वाड्याभवती फिरली, पर एका कोकराला तोंड लावलं न्हाई. नुसती वराडत हुती."

"तुला लय पुळका रं! आधी तुजीच कोकरं खाल्लीन ना तिनं?" बुधाजी म्हणाले.

"खाल्ली की. तिला पोट हाय, मला बी हाय. पर पिल्लू घावंस्तवर ती हितनं हलायची न्हाई. मग मलाच मेंढरं उठवावी लागतील, पाटील. तुमचं शेत अर्धंच बसलंय."

बुधाजी विचारात पडले. मग म्हणाले, "ठेवा मग कपारीत. माजी पोरं बंदूक घेऊन वर बसतील. आई आली की दोगांचाबी निकाल."

माणसं उठल्यावर मी ह्यांना म्हटलं, "कुणाला न सांगता आत्ताच ठेवून या ना."

"आणि त्यांनी गोळी घातली तर? माझ्या हाताने ठेवलेलं. साहेबांना विचारतो."

साहेब दौऱ्यावर होते. हे रोज सायकलने कर्जतला जायचे, ऑफिसातल्या फोनपाशी बसायचे आणि तसेच परत यायचे.

पिल्लू बशीतलं दूध पीत नव्हतं. शकूचं पोट भरूनही माझा पान्हा उरायचा. तो वाटीत काढून मी तुळशीशी ओतायची. एकदा त्यात कापडाची वात भिजवली आणि पिल्लाच्या तोंडाशी धरली. त्याने ती इतकी ओढली, की माझं बोटही तोंडात गेलं. दात कोवळे, शकूच्या हिरडीसारखे.

सासूबाईंनी पाहिलं. "झाला! माज्या नातीला लांडगा दूधभाऊ मिलाला. भाऊबीजेला येल हो ओवाळून घ्यायला!"

पण दुसऱ्या दिवशी वाटी त्यांनीच आणून माझ्यापुढे ठेवली. पिल्लू माझ्या पदरात झोपायला लागलं. चुलीपाशी मी हलले, की डोळे न उघडता ते माझ्या दिशेने सरकायचं.

रात्री मादीचा आवाज यायचा, आधी जवळून, मग डोंगराकडून. एका पहाटे धुळाने मेंढरं उठवली आणि तो वाट धरून गेला. त्यानंतर आवाज आला नाही.

साहेब फोनवर सापडले, तेव्हा हे घाम पुसत, पण हसत घरी आले. "मिळाला हुकूम. सोडून द्या म्हणाले."

"नक्की कसं म्हणाले?"

"‘ते लांडग्याचं सोडून द्या हो, वणव्याचं काय ते सांगा.’"

मी हातातली वाटी खाली ठेवली. "अहो, म्हणजे तो विषय सोडा म्हणाले असतील. पिल्लू सोडा असं नव्हे."

त्यांच्याही ते लक्षात आलेलं होतं, वाटेतच कधीतरी.

"शब्द तोच ना?"

"शब्द तोच आहे."

"मग मला परत विचारायला लावू नकोस. गार्ड आहेस की लांडग्याचा बाप, असं म्हणतील. आणि ठेवून तरी काय करू? बुधाजी रोज विचारतोय."

"सोडणार कुठे? आई तर गेली."

"खोपोलीच्या वर रान दाट आहे."

"तिथे लांडगे आहेत?"

"नाहीत. रान तर आहे."

सकाळी मी त्याला पोटभर पाजलं. टोपलीवर फडकं बांधलं. त्याने फडक्याखालून नाक काढलं आणि माझा हात चाटला. हे एसटीने खोपोलीच्या शिळफाट्याला उतरले. कंडक्टरने विचारलं, कोंबडं का हो? हे म्हणाले, देवाचं आहे.

संध्याकाळी आले, ते ओट्यावरच बसले. मी पाणी दिलं. ते पिऊन त्यांनी सांगितलं.

"टोपली आडवी केली, तर बाहेरच येईना. बाहेर काढून मी वळलो, तर मागे यायला लागलं. मी भरभर चाललो. तेही पडत-उठत मागे. ओरडलो, तर शेपूट हलवलं."

"मग परत का नाही आणलंत?"

"सोडायला गेलो होतो ना मी?" त्यांचा आवाज चढला आणि लगेच बसला. "शेवटी दगड मारला."

"लागला?"

"बघितलं नाही. मागे यायचं थांबलं."

आत शकू उठून रडायला लागली. मी तिला आणून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी हात पुढे केले, मग तसेच मागे घेतले. "थांब, हात धुतो," म्हणाले, आणि मोरीकडे गेले. किती तरी वेळ नुसता तांब्याचा आवाज येत राहिला.